पिस्तुलाला कोणतं तेल?

सगळं सुखरूप पार पडलं, म्हणून आता ही गोष्ट सांगायला हरकत नाही. खुद्द दिनकरराव परुळेकरांचीही हरकत नाही. त्यांची अट एवढीच, की सांगणाऱ्याने तेलाच्या बाबतीतला त्यांचा अधिकार आधी मान्य करावा आणि मग काय हसायचं ते हसावं. तर मान्य. लखनौच्या महानगर वस्तीतल्या त्यांच्या घरात त्या रविवारपर्यंत एकही दार कुरकुरलेलं नव्हतं, एकही पंखा कण्हलेला नव्हता. लांब चोचीची तेलाची कुपी त्यांच्या खिशात कायम असते, आणि तिच्यात असतं खोबरेल. वेंगुर्ल्याहून भाऊ पाठवतो ते, घरच्या नारळांचं. बँकेत मॅनेजर असताना कर्जाच्या फायलींपेक्षा तिजोरीच्या बिजागऱ्यांवर त्यांचं जास्त लक्ष असे, असं जुने सहकारी म्हणतात, आणि दिनकरराव ही स्तुती समजतात. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ऐन आरतीला हॉलचं दार कुरकुरलं, तेव्हा टाळ्या अर्ध्यावर सोडून तेल घालायला गेलेला हा माणूस आहे. त्यांचा कानच तसा आहे, त्याला इलाज नाही.

डिसेंबरातली गोष्ट. मुलगी सावनी नेमबाजीच्या रेंजवरून आली, जेवायला बसली आणि पोळीचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिली.

"काय गं, भाजी तिखट झालीय का?" अरुणाताईंनी विचारलं.

"नाही आई. पिस्टल अटक रही है. दर चार-पाच गोळ्यांना एक फसतेच."

सावनी पंचवीस मीटरवरची नेमबाज. परवाना तिच्या नावाचा, पिस्तूल तिच्या नावाचं. ते अर्धस्वयंचलित, म्हणजे गोळी सुटली की वरची स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला हवं. स्लाइड मध्येच रेंगाळली की खेळ खलास. आणि येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. गेल्या वर्षी सावनी अगदी थोडक्यात हुकली होती, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"तुझ्या निगहत मॅडम काय म्हणतात?" दिनकररावांनी विचारलं. निगहत मॅडम म्हणजे सावनीच्या कोच.

"म्हणाल्या, सूखी पडी है बेचारी. नीट साफ कर, और बस एक बूँद तेल. गन ऑइल लाना पड़ेगा, माझं संपलंय."

तेल! दिनकररावांच्या हातातला आमटीचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला.

मुलगी नेमबाजीत पडल्यापासून हा माणूस आतून फार एकटा पडला होता. त्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नसे. गुण कसे मोजतात ते कळत नसे, ती एक डोळा झाकणारी पट्टी का लावते ते कळत नसे. गाडी चालवायची, बॅग धरायची आणि "छान झालं हं" म्हणायचं, तेही नेमकं वाईट झालेलं असताना. आज प्रथमच मुलीचं शास्त्र सरकत सरकत बापाच्या हद्दीत आलं होतं.

"तू फक्त नेमाकडे बघ," ते म्हणाले. "तेलाचं माझ्यावर सोड."

अरुणाताईंनी सावनीकडे पाहिलं. सावनीने ताटाकडे पाहिलं. इतिहासातल्या बऱ्याचशा आपत्ती अशाच जेवणाच्या ताटावर ठरल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव हजरतगंजच्या मागच्या रस्त्यावरच्या बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर बाटल्यांची रांग मांडली. पातळ तेल, दाट तेल, ग्रीसची ट्यूब, फवारा. एक गंज धरू न देणारं, एक मळ सोडवणारं आणि एक दोन्ही करतं म्हणून छाती ठोकणारं. दिनकररावांनी भिंग काढून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी त्यांनी एक लहानशी, पातळ तेलाची बाटली पसंत केली आणि बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न विचारला.

"इसकी लायसन्स पे एंट्री करनी पड़ती है क्या?"

"किसकी, पिस्टल की?"

"नहीं, तेल की."

दुकानदाराच्या तीन पिढ्या या धंद्यात गेल्या होत्या. तिघांनाही हा प्रश्न कोणी विचारला नसावा. "तेल है, जनाब," तो हळुवारपणे म्हणाला. "इससे आज तक कोई मरा नहीं."

"फिर भी, नियम क्या है?"

"तो आप ऐसा कीजिए, कचहरी में पूछ लीजिए." हे त्याने ब्याद टळावी म्हणून म्हटलं होतं. दिनकररावांनी ती सूचना मानली. नियम कळेपर्यंत बाटलीचं सील तोडायचं नाही असं ठरवून ते तडक कचेरीत गेले.

तिथला बाबू भला माणूस होता. त्याने हसून सांगितलं, की तेलाला परवाना लागत नाही, नोंद लागत नाही, काही लागत नाही. इथे उठून घरी यायचं होतं. पण दिनकरराव म्हणाले, "लेखी... मतलब, लिखित में दीजिए."

बाबूने हातातला चहा खाली ठेवला. "लिखित में? लिखित में चाहिए तो जाँच होगी, साहब."

"होने दीजिए," दिनकरराव ताठ मानेने म्हणाले. आपण चौकशीला कधी भ्यालो नाही, हा त्यांच्या नोकरीतला मोठाच अभिमानाचा विषय होता. तो तिथे काढायचं काही कारण नव्हतं.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर बसून आली. तिचं नाव दीनानाथ यादव, हुद्दा हवालदार. त्यांनी घर शोधायला म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारलं, "वो असलहा वाले परुळेकर कहाँ रहते हैं?" असलहा म्हणजे हत्यार. झालं. हवालदार चहाचा पहिला घोट घेईपर्यंत बातमी जवळच्याच कपूरथळा चौकातल्या भाजीबाजारात पोचली. महाराष्ट्रात असं काही झालं असतं तर लोकांनी ओळख दाखवायची बंद केली असती. इथे घरात हत्यार म्हणजे मान, त्यामुळे उलटच झालं. त्या दिवशी भाजीवाल्याने अरुणाताईंना "माताजी" म्हटलं, कोथिंबीर न मागता घातली आणि वांगी स्वतः निवडून दिली. अरुणाताईंना आधी शरम वाटली, मग वांगी पाहून बरं वाटलं.

हवालदारांनी सावनीचा परवाना पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले आणि तेलाची बाटली उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली. "इसी की जाँच थी?" त्यांनी दोनदा विचारलं. जाताना त्यांच्या मोटरसायकलचं स्टँड किंचाळलं. दिनकररावांनी खिशातली कुपी काढून दोन थेंब सोडले. हवालदार स्टँड वरखाली करून खूश झाले. "अरे, यही डाल दीजिए न पिस्टल में," ते म्हणाले आणि निघून गेले. बाहेरच्या माणसाच्या तोंडून काय निघतं आणि ते कुठे जाऊन रुजतं, याचा नेम नसतो.

बातमी फुटल्यावर शेजारी यायचे राहतात थोडेच? पहिले आले भिंतीला भिंत लागून राहणारे हरिहर बाजपेयी.

"परुळेकर साहब, हमें बताना था न!" ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "सरसों का तेल! और कुछ नहीं! हमारे बाबा की रिवॉल्वर में पचास साल से सरसों का तेल ही पड़ा है." ते घरी जाऊन फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. रिकामं असल्याची तीनदा खात्री करून त्यांनी चक्र फिरवायला बोट लावलं. चक्र हललं नाही. अंगठा लावला. तेव्हाही हललं नाही. पन्नास वर्षांच्या मोहरीच्या तेलाचा असा काही चिकटा बसला होता की अख्खं यंत्र एकजीव झालं होतं.

"घूमता तो नहीं है," बाजपेयीजी अभिमानाने म्हणाले, "पर ज़ंग देखिए! है कहीं ज़ंग?"

गंज खरोखरच नव्हता.

संध्याकाळी हणमंतराव आले. हे मंडळाचे अध्यक्ष आणि इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. विषय शेवाळं, पण मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर माणसाला सगळेच विषय आपले वाटू लागतात. त्यांनी कागदावर आकृती काढली. "हे बघा दिनकरराव. जे फिरतं त्याला तेल, जे सरकतं त्याला ग्रीस. पातळ तेल उडून जातं, दाट तेल धूळ धरतं. आणि तापमान! तापमान विसरू नका. थंडीत प्रत्येक स्निग्ध पदार्थ आपला स्वभाव बदलतो."

"अहो हणमंतराव," दिनकरराव म्हणाले, "तुम्ही शेवाळं सांभाळा. बिजागऱ्या मी सांभाळतो."

हे वाक्य लक्षात ठेवावं. दिनकररावांना ते पुढे फार दिवस विसरता आलं नाही.

आता सील तोडायला हरकत नव्हती. पण आधी कसोटी, मग वापर, हा बँकेतला शिरस्ता. दुकानातलं ते पातळ तेल दिनकररावांनी प्रथम अरुणाताईंच्या शिवणयंत्रात घातलं. यंत्र छान चाललं. मग स्वयंपाकघरातल्या पंख्याला, ट्रॉलीच्या चाकांना, मग शेजारधर्म म्हणून बाजपेयींच्या फाटकाला. बाजपेयीजींचं फाटक लग्नात पाहुण्यांसाठी उघडावं तसं अदबीने उघडलं. ते पाहून बाजपेयीजींचा मोहरीवरचा विश्वास डळमळला. ते रिव्हॉल्व्हर घेऊन पुन्हा आले.

"ज़रा इसमें भी दो बूँद, साहब. बाबा की आत्मा को शांति मिलेगी."

दुसऱ्याच्या परवान्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून दिनकरराव हात पाठीमागे बांधून सांगत राहिले आणि बाजपेयीजी ओतत राहिले. पन्नास वर्षांची तहान ती. चक्र अखेर करकरत फिरलं, बाजपेयीजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाटली पालथी केली तरी तिच्यातून काही पडेना.

तो शनिवार होता.

दिनकरराव दुकानाकडे धावले. शटर खाली. दुकानदार भाच्याच्या लग्नाला बाराबंकीला गेला होता. परत आले तर सावनीने पिस्तूल उघडून, जुनं तेल आणि काजळी पुसून लख्ख करून ठेवलेलं. इतकं लख्ख, की त्यात आता नावालासुद्धा ओशटपणा उरला नव्हता.

"चलेगा बाबा," ती म्हणाली. "सकाळी निगहत मॅमकडून घेते मी. उनके पास रहता है."

इथेही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ज्या बापाने आठवडाभर दुकान, कचेरी आणि पोलीस एवढी यातायात केली, त्याच्या मुलीने ऐन सामन्याच्या सकाळी तेल उसनं मागायचं? परुळेकरांच्या मुलीने? दिनकररावांचा हात आपोआप खिशात गेला. कुपी बाहेर आली. खोबरेल अंगाच्या उबेने पाण्यासारखं पातळ होतं, सोन्यासारखं स्वच्छ होतं. हवालदारांचं वाक्य त्यांच्या मनात रुजलेलं होतंच.

"घरचं आहे. भेसळ नाही. याच्यापुढे ते बाटलीतलं काय?"

"बाबा, पक्का?" सावनीने विचारलं.

"अहो, पण थंडीत ते..." अरुणाताईंनी तोंड उघडलं.

"अरुणा, यंत्राच्या बाबतीत मध्ये बोलू नकोस."

अरुणाताई बाजूला झाल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की काही वाक्यं पुरी करण्यापेक्षा ती आपोआप पुरी होताना बघणं सोपं जातं.

मग विधी सुरू झाला. पिस्तूल रिकामं होतं, मॅगझिन वेगळं काढून ठेवलं होतं, तरी तोंड कुठे करायचं यावर खल झाला. पूर्वेला देव्हारा. पश्चिमेला बाजपेयी. उत्तरेला रस्ता. अखेर दक्षिणेला, हात धुवायच्या बेसिनकडे तोंड केलं. परवाना नाही म्हणून दिनकरराव हात लावणार नव्हते. ते मागे उभे राहून आज्ञा देत होते. "त्या खाचेत एक थेंब. पलीकडे एक. हां, अजून एक. अगं, घाल गं, हात आखडू नकोस!" निगहत मॅडमनी एक थेंब सांगितला होता. पण पाहुण्याला पोळीवर तूप वाढताना हात आखडायचा नाही अशा घरात वाढलेल्या माणसाला एक थेंब म्हणजे अपमान वाटतो. सावनीने स्लाइड मागे ओढली आणि सोडली. सर्रकन, लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली आणि आली.

"बघ!" दिनकरराव म्हणाले. त्या संध्याकाळी ते स्वतःशीच गुणगुणत होते. मुलीच्या कामी आलो, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि ते खरंच फार सुखात होते.

रविवारी सकाळी धुकं असं होतं की निशातगंजचा पूल चाकांखाली आला तेव्हाच कळला. बाजपेयीजी "बिटिया का मैच है" म्हणून कानटोपी घालून आले होते, हणमंतराव मंडळाच्या वतीने आले होते. अरुणाताई शालीत गुरफटून बसल्या होत्या. पिस्तुलाची पेटी मागे डिकीत, बर्फासारख्या थंडीत.

रेंजवर प्रेक्षक दोरीच्या मागे उभे राहिले, गुडघ्यांमुळे अरुणाताई तेवढ्या खुर्चीवर बसल्या. पुढे नेमबाज मुली आणि त्यांच्या मधून फिरणारे एक जाड मिशांचे पंच. सरावाच्या गोळ्या सुरू झाल्या. सावनीने पहिली झाडली. स्लाइड मागे गेली, पण पुढे येताना थकलेल्या माणसासारखी रेंगाळत आली आणि अर्ध्या वाटेत बसली.

सावनीने हात वर केला. पंच आले, निगहत मॅडम आल्या. गोळी काढली, पिस्तूल रिकामं केलं, पुन्हा खेचून पाहिलं. स्लाइड पुन्हा तिथेच. पंचांनी घड्याळ पाहून दुरुस्तीला पंधरा मिनिटं दिली. तेवढ्यात झालं तर ठीक, नाही तर सावनीचं आजचं नाव कापलं जाणार होतं. निगहत मॅडमनी स्लाइड उतरवली, खाचेतून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलं होतं.

"यह क्या है, बेटा? मोम?" त्या पुटपुटल्या आणि फडक्याने पुसू लागल्या. थंडगार फडकं, थंडगार लोखंड. ते पांढरं निघायच्या ऐवजी पसरत होतं. सावनीचा चेहरा गेल्या वर्षीसारखा होऊ लागला होता.

दोरीमागून दिनकररावांनी ते पांढरं बोट पाहिलं आणि ते काय आहे ते लगेच ओळखलं. दर हिवाळ्यात अरुणाताईंची केसांच्या तेलाची बाटली अशीच पांढरी होते. म्हणून तर ती गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलेली असते. हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. पण त्यांच्या खिशातलं तेल अंगाच्या उबेत कधी गोठलं नाही, आणि बिजागरीत गोठलेलं तेल तक्रार करायला येत नाही. माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. अरुणाताईंना आठवलं होतं. त्यांना मध्ये बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं.

डाव्या हाताला बाजपेयीजी उभे होते, उजव्या हाताला हणमंतराव. आठवडाभर ज्यांना सल्ल्यासकट परत पाठवलं, ते दोघेही नेमके इथे हजर. क्षणभर दिनकररावांना वाटलं, बोलू नये. कोणाला कळणार आहे? निघेल पुसून. मग त्यांनी सावनीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी फडकं धरून घासत होती आणि तिचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरत होता.

"सावनी!" ते दोरीवरून वाकून ओरडले. "खोबरेल! खोबरेल गोठलंय गं! ऊब दे त्याला!" आणि कोणाला शंका राहू नये म्हणून, अख्ख्या रेंजला ऐकू जाईल अशा आवाजात, "मॅडम, नारियल का तेल है! मैंने डलवाया है! मैंने! गरम कीजिए, पिघल जाएगा!"

दूरच्या टोकाला एका मुलीने कानावरचे संरक्षक काढून पाहिलं. बाजपेयीजींनी हळूच विचारलं, "नारियल का?" त्यांच्या आवाजात मोहरीच्या पन्नास वर्षांचा विजय होता.

पण गरम करायचं कशाने? ऊन नाही, शेकोटी नाही. निगहत मॅडम तळव्यात धरून फुंकर घालत होत्या. इतक्यात अरुणाताईंच्या शालीत हालचाल झाली. त्यांनी गुडघ्यांवरून गरम पाण्याची रबरी पिशवी काढली. पोपटी लोकरीचं, स्वतः विणलेलं झबलं घातलेली ती पिशवी त्यांनी दोरीवरून पुढे केली.

मिशांचे पंच मध्ये आले. "यह क्या है?"

"घुटने का है," अरुणाताई म्हणाल्या.

पंचांनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली, झाकण तपासलं, पोपटी झबल्यात बोट घालून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी सगळं तपासलं असेल, हे नाही. "नियम में मना तो नहीं है," ते विचारात पडून म्हणाले. "पर अलाउड है, ऐसा भी कहीं लिखा हुआ..."

"लिखित में मत पूछिए साहब!" दिनकरराव कळवळून ओरडले. "हाथ जोड़ता हूँ, लिखित में मत पूछिए!"

पंचांनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाचं याबाबतीत काहीतरी सोसून झालेलं आहे, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी पिशवी निगहत मॅडमच्या हातात दिली.

स्लाइड झबल्यात गेली. निगहत मॅडमनी ती पिशवीशी दाबून धरली आणि सावनीकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "साँस लीजिए, बेटा. सर्दी लगी है, उतर जाएगी." थोड्या वेळात पांढरं पारदर्शक झालं, पारदर्शकाचे ओघळ झाले, आणि फडक्याने पुसताच खाचा स्वच्छ निघाल्या. रेंजभर खोबरेलाचा वास पसरला. मग मॅडमनी पर्समधून बोटभर उंचीची कुपी काढली आणि प्रत्येक खाचेला तेलाचं नुसतं टोक टेकवलं. त्याहून जास्त नाही. दिनकररावांच्या तोंडून "अजून..." एवढं निघालं आणि त्यांनी स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं.

घड्याळात अजून वेळ होता. सावनी जागेवर उभी राहिली.

दिनकररावांना बघवेना. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण त्यांचा कान तसाच आहे, हे आधी सांगितलंच. फट्, आणि त्यामागून स्लाइडची ती बारीक खळ्ळ. फट्, खळ्ळ. फट्, खळ्ळ. कुठे रेंगाळणं नाही, घासणं नाही, कुरकूर नाही. आयुष्यभर त्यांनी हजार बिजागऱ्या ऐकल्या होत्या, पण इतकं सुरेख काही ऐकलं नव्हतं. पुढे सामना संपेपर्यंत ते तसेच उभे होते. अरुणाताईंनी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांना कळलं की आपल्या गालावर ओलं आहे. आणि ते धुकं नव्हतं.

सावनी संघात आली. शेवटच्या जागेवर, पण आली. बाजपेयीजींनी "जय हो" केलं. हणमंतरावांनी तापमानाबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं आणि दिनकररावांचा चेहरा बघून मिटलं. त्याबद्दल त्यांना पुढच्या वर्षीही अध्यक्ष करावं असं दिनकररावांनी तिथेच ठरवून टाकलं. निघताना मिशांच्या पंचांनी सावनीला थांबवलं. "बेटा, आख़िर हुआ क्या था पिस्टल को?"

सावनीने वळून बापाकडे पाहिलं. दिनकरराव मान खाली घालून बुटांकडे बघत होते.

"कुछ नहीं सर," ती म्हणाली. "लखनऊ की सर्दी है. पहली बार देखी बेचारी ने."

घरी पोचले तेव्हा धुकं विरून कोवळं ऊन आलं होतं. अरुणाताईंनी फाटक ढकललं, आणि परुळेकरांचं फाटक कुरकुरलं. चांगलं लांबलचक, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारचं, बाजपेयींचं, दुकानातल्या तेलावरचं फाटक गप्प होतं.

दिनकररावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते काहीच ऐकलं नाही असं दाखवून पायरी चढू लागले. सावनीने पेटी खाली ठेवली.

"बाबा, फाटक वाजतंय."

"वाजू दे."

"बाबा, तुमच्या कानाला त्रास होतो ना. तेल घाला."

दिनकरराव फाटकापाशी परत आले. कुपी काढली, ऊब राहावी म्हणून मुठीत धरून ठेवली, आणि जन्मात कोणाला विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी मुलीला विचारला.

"कोणतं घालू?"

"यही," सावनी म्हणाली. "पण बाबा, एकच थेंब."

दिनकररावांनी मोजून एक थेंब घातला. फाटक निमूटपणे मिटलं, आणि सगळे चहा प्यायला आत गेले.